टायर गरम आहेत तोवर

सकाळी, ज्या वेळी सज्जन माणसे तुळशीला पाणी घालतात आणि उरलेली माणसे नळाला मोटर लावून त्या सज्जनांचे पाणी ओढतात, त्या वेळी आमचे शेजारी बिराजदार अप्पा दुसऱ्यांच्या मोटारींपुढे उकिडवे बसलेले असतात. अंगात पांढरी बंडी, कपाळावर विभूतीचे ताजे पट्टे. उजव्या हाताचा तळवा ते पुढच्या चाकाच्या टायरवर ठेवतात, डोळे मिटतात आणि तळवा आतल्या कडेकडून बाहेर, मग बाहेरून आत, असा सावकाश फिरवतात. मैफलीआधी तबलजी शाई चाचपतो, तशी त्यांची बोटे चालतात. मग डोळे उघडून ते गाडीच्या मालकाला, तो दात घासत असला तरी, निकाल ऐकवतात.

“आतून खाल्लंय.”

मालकाच्या तोंडात फेस असतो, म्हणून वाद होत नाही.

वसाहतीत नव्याने राहायला आलेल्या डॉक्टरीणबाईंनी हे दृश्य पहिल्याच आठवड्यात गॅलरीतून पाहिले आणि चाके चोरायला कोणी आले आहे असे समजून आरडाओरडा केला. अप्पांनी मान वर केली. “ओरडा नंतर. आधी अलाइनमेंट करून घ्या. उजवं चाक बाहेर बघतंय.” चाकांना नजर असते आणि तीही वाईट असू शकते, ही माहिती वैद्यकीय महाविद्यालयात दिली जात नसावी.

अप्पांची सगळी नोकरी वजनमापे निरीक्षक म्हणून गेली. धान्यबाजार, भाजीमंडई, पेट्रोलपंप, सराफकट्टा, जिथे जिथे माणसाने माणसाला मोजून काही दिले, तिथे तिथे अप्पा अविश्वासाने उभे राहिले. तराजूचा काटा जरासा कलला की व्यापारी म्हणत, “साहेब, किंचितच तर आहे.” हा ‘किंचित’ अप्पांचा जन्माचा वैरी. “किंचित म्हणून काही नसतंय वहिनी,” ते मला फाटकावर उभे करून सांगतात, “एकतर बरोबर, नाहीतर चूक.” निवृत्तीबरोबर तराजू गेले. मग त्यांनी आपली दृष्टी जगाकडे, म्हणजे आमच्याकडे, वळवली. आमच्या दिवाणखान्यातली तसबीर ते चहा येईपर्यंत सरळ करून टाकतात. आमच्याकडच्या सत्यनारायणाला त्यांनी, कथा ऐन रंगात असताना, चौरंग दक्षिणेकडे झुकल्याचे गुरुजींच्या कानात सांगितले. गुरुजींनी पुढचा अध्याय एक हात चौरंगाखाली घालून वाचला.

पण तसबिरी आणि चौरंग हे किरकोळ काम. अप्पांचे खरे अध्यात्म म्हणजे चाके. चार चाके एका गाडीला असतात याचा अर्थ ती एकाच दिशेने बघतात असा नव्हे, हे सत्य त्यांना कधीतरी गवसले आणि तेव्हापासून आम्हाला स्वस्थता नाही.

“वहिनी, सरळ रस्त्याला तुमचं स्टेअरिंग सरळ असतंय का?”

“लक्ष नाही दिलं अप्पा.”

“बघा! टिकली मधोमध हाय का ते आरशात तीनदा बघता, आणि ज्याच्यावर चौघांचा जीव, ते तिरकं हाय की सरळ, पत्ता नाही!”

मग प्रवचन. रस्ता मध्ये उंच आणि कडेला उतरता असतो, पाणी निघून जावे म्हणून. तेव्हा गाडी डावीकडे थोडी झुकली तर तिला माफ. (इथे ‘किंचित’ चालतो. प्रत्येक धर्मात एखादी सवलत असते.) पण सपाट रस्त्यावरही ती एका बाजूला ओढू लागली, तर प्रथम हवा बघायची. दोन्हीकडे हवा सारखी असूनही ओढत असेल, तर अलाइनमेंट. खड्ड्यात जोरात आपटली, अलाइनमेंट बघून घ्यायची. नवे टायर घातले, बघून घ्यायची. टायरची एकच कड झिजली, तर विचारायचेसुद्धा नाही, थेट जायचे. सोलापूरच्या रस्त्यांवर राहून हे ऐकणे म्हणजे समुद्रात राहून ओलाव्यापासून जपायच्या सूचना ऐकणे होय.

एकदा, कोणी बघत नाही असे पाहून, मीही आमच्या गाडीच्या टायरवर तळवा फिरवला. रात्रीचा गारवा अजून रबरात होता. जाताना हाताला रेशीम लागले, परत येताना किसणी. मी घाईने हात पदराला पुसला आणि घरात निघून गेले. शहाण्या बाईने असल्या गोष्टींत रस घेऊ नये.

त्यांच्या गाडीतून एकदाच प्रवास केला. सांगोल्याला एका लग्नाला जायचे होते. हमरस्ता लागला, समोर डाळिंबाच्या बागांमधून जाणारी काळीभोर सरळ पट्टी दिसली आणि अप्पांच्या चेहऱ्यावर अशी शांती पसरली, की मला वाटले, त्यांना एखादे स्तोत्र आठवले असावे. त्यांनी स्टेअरिंगवरचे दोन्ही हात उचलले आणि मांडीवर ठेवले.

“अप्पा!” माझे यजमान माधव पुढे बसले होते. ते महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवतात. संकटात त्यांना नेहमी एकच शब्द सुचतो.

“गप बसा सर. ओढ बघतोय.”

समोरून मेंढरांचा एक लोकरी ढग रस्त्यावर उतरत होता. गाडी सुतात त्याच्याकडे निघाली होती. “बघितलं? केसभर सरकत नाही!” अप्पा हर्षाने म्हणाले. माधव मात्र सरकले होते, पार दारापर्यंत. अप्पांनी वेळेवर हात परत आणले, ब्रेक दाबला, मेंढरे गेली. धुळीचा आणि लोकरीचा कढत वास काचेतून आत आला. लग्नात मी अक्षता कोणावर टाकत आहे, हेही मला नीट दिसत नव्हते; डोळ्यांपुढे अजून मेंढरेच होती.

आणि दसऱ्याची गोष्ट. दसऱ्याला सगळे गाड्या धुतात, झेंडूचे हार घालतात, नारळ फोडतात आणि चारी चाकांखाली एकेक लिंबू ठेवून गाडी पुढे घेतात. लिंबू फुटले, दृष्ट गेली, विषय संपला. अप्पांचा विषय तिथून सुरू होतो. गाडी पुढे गेली की ते चिरडलेल्या लिंबांजवळ पोटावर पालथे पडतात. आंबट रसाच्या, झेंडूच्या आणि पेट्रोलच्या त्या विचित्र दरवळात त्यांचा आवाज येतो: “डावं लिंबू सरळ चपटलंय, उजवं फराटलंय. हे चाक घासत चालतंय!” मग त्या गाडीच्या मालकाला सणाच्या दिवशी, नव्या शर्टात, होटगी रोडवर रफीकभाईंच्या अलाइनमेंटच्या दुकानात पिटाळले जाते. रफीकभाईंनी पहिल्या वर्षी कपाळाला हात लावला होता. “अप्पा, लिंबू मापने का मशीन मेरे पास नै है.” पण अप्पा ऐकत नाहीत. रफीकभाईंच्या दुकानात त्यांच्यासाठी एक खुर्ची ठेवलेली आहे. ती त्यांना दिली नाही तर ते गाडीखाली शिरतात, म्हणून ठेवलेली आहे.

अप्पांच्या घरी दुसरे कोणी नाही. मूलबाळ नव्हते, काकू गेल्या त्यालाही आता काही वर्षे झाली. त्या होत्या तेव्हा अप्पा एवढे फिरत नसत, असे वसाहतीतले जुने लोक म्हणतात. काकू कानडीतून एकच हाक मारायच्या आणि अप्पा दुसऱ्याच्या गाडीपुढून उठून घरी जायचे.

आता मूळ प्रकरणाकडे येते. यंदा आमच्या मुक्ताला पुण्यात नोकरी लागली आणि तिने जाहीर केले, की ती घरची जुनी गाडी घेऊन जाणार आणि ती स्वतः चालवत, एकटी जाणार. घरात शोकसभा भरली. माझ्या नणंदेने नातेपुत्याहून फोन करून ड्रायव्हर सुचवला. दिरांनी रेल्वे सुचवली. माधव म्हणाले, “तिचा निर्णय तिला घेऊ दे,” आणि वर्तमानपत्रामागे गेले. मी उदारमतवादी आई आहे. मी काहीच बोलले नाही. फक्त रोज तिच्या ताटात भाकरी वाढताना मोठा सुस्कारा सोडत असे.

रविवारी सकाळी ती निघणार होती. शुक्रवारी अप्पा आमच्या गाडीपुढे बसलेले दिसले. तळवा आत, तळवा बाहेर. या खेपेला त्यांना उठायला वेळ लागला.

“ही गाडी रविवारी जाणार नाही,” ते म्हणाले.

माझ्या अंगावरून गार वारा गेला. मी त्यांच्याकडे जन्मात प्रथमच प्रेमाने पाहिले. “मी तेच म्हणत होते अप्पा. या ना, चहा टाकते.”

माधव बाहेर आले. “अहो, परवाच तर काम करून आणलंय. पाइपलाइनच्या चरात चाक आपटलं होतं, तेव्हापासून स्टेअरिंग वाकडं होतं म्हणून.”

“काय करून आणलंत?”

“बॅलन्सिंग.”

अप्पांनी डोळे मिटून घेतले. समोरच्या माणसाने देवघरात चपला घालून पाऊल टाकावे, तसे काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावर झाले.

“सर, स्टेअरिंग थरथरतंय का?”

“नाही.”

“मग बॅलन्सिंग कशाला? थरथरलं तर बॅलन्सिंग, ओढलं तर अलाइनमेंट! पाय मोडला म्हणून चष्मा करून आणलात की तुम्ही!”

“दुकानदार म्हणाला, दोन्ही एकच.”

“आणि तुम्ही तर्कशास्त्र शिकवताय.”

मुक्ता दारात उभी राहून हसत होती. मी हसत नव्हते. मी पुढची मांडणी करत होते. “तर मग ठरलं,” मी म्हणाले. “गाडी अशी असताना एकटीनं जायचं नाही. पुढच्या महिन्यात बघू. किंवा रेल्वेनं.”

अप्पांनी माझ्याकडे वळून पाहिले. “वहिनी, मी गाडी जाणार नाही म्हणालो. पोरगी जाणार नाही असं कुठं म्हणालो? चल गं मुक्ता, चावी घे. आज करून टाकू.”

असा माझा एकमेव मित्रपक्ष चहा न पिताच फुटला.

मीही सोबत गेले. रफीकभाईंनी गाडी रॅम्पवर घेतली, चारी चाकांना चकत्या अडकवल्या, स्टेअरिंगला दांडी लावून ते सरळ धरून ठेवले. पडद्यावर आकडे उमटले. पुढच्या डाव्या चाकासमोरचा आकडा डाळिंबासारखा लाल. अप्पा खुर्चीवरून उठले.

“रफीक, आधी खालचं रबर बघ. सांधा ढिला असेल तर सरळ करून काय उपयोग? दोन दिवसांत परत वाकडं.”

“देखा अप्पा, देखा. फटेला है. बदलताच हूँ.”

“किती वेळ?”

“तुमी चुप बैठे तो जल्दी.”

रबर बदलले गेले. खालच्या दांड्या सैल करून, फिरवून, पुन्हा आवळल्या गेल्या. लाल आकडा हळूहळू हिरवा होत गेला आणि मी, जिला ही गाडी बिघडलेलीच हवी होती, त्या हिरव्या रंगाकडे बघत राहिले. दुकानात गरम रबराचा आणि ग्रीसचा वास होता. बाहेर कोणीतरी शेंगदाणे भाजत होते. परत येताना मुक्ता चालवत होती, अप्पा तिच्या शेजारी. “हात सोडायचे नाहीत,” ते तिला म्हणाले. मला कानांवर विश्वास बसेना. “मी सोडतो ते माझं सोड. तू फक्त बोटं सैल कर. हं. आता सांग, कुणीकडं जातीय?”

“कुणीकडंच नाही अप्पा.”

“मग जा,” अप्पा म्हणाले.

रविवारी ऊन चढायच्या आत ते हवा मोजायचे यंत्र घेऊन हजर. हवा थंड टायरांतच मोजायची असते, म्हणून मुक्ताने गाडीला हात लावायच्या आधी त्यांनी चारी चाके मोजली, पाचवेही मोजले. मी शिदोरी बांधत होते: कडक भाकरी, शेंगांची चटणी, दही. माझ्या सूचना चालू होत्या. पोचलीस की फोन, इंदापूरला थांबलीस की फोन, अनोळखी माणसाने काच वाजवली तर काच खाली करायची नाही, मग फोन. अप्पांची सूचना एकच होती.

“पुण्यात गाडी उभी केलीस की मला रिपोर्ट द्यायचा. टायर गरम आहेत तोवर. गार झाल्यावर सांगितलेल्याला अर्थ नसतो.”

“टायर गरम असण्याचा आणि फोनचा काय संबंध?” माधवनी विचारले.

“तांत्रिक आहे,” अप्पा म्हणाले.

गाडी कोपऱ्यावर वळली. वळून झाल्यावर चाके आपणहून सरळ झाली, हे अप्पांनी बोट दाखवून सांगितले. मला तेव्हा चाके दिसत नव्हती.

इंदापूरहून एक ओळ आली: चहा प्यायले, ठीक आहे. त्यानंतर काही नाही. दुपार झाली. सोलापूरची दुपार ही काही हवामानाची अवस्था नव्हे, ती शिक्षा आहे. भिंतींतून कढ येत होता, पंखा तोच कढ घुसळून परत अंगावर टाकत होता. पोचायला हवी होती ती वेळ येऊन गेली. मी फोन लावला: समोरची व्यक्ती दुसऱ्या कॉलवर बोलत आहे. पुन्हा लावला: बोलत आहे. गाडी चालवताना बोलत आहे? कोणाशी? का बंद पडून रस्त्याकडेला उभी आहे? माधव म्हणाले, “व्यस्त आहे म्हणजे सुखरूप आहे.” निष्कर्ष बिनतोड होता, त्यामुळे मला त्यांचा अधिकच राग आला. त्या गाडीच्या खालची दांडी सैल करायला, आवळायला लावणाऱ्या आणि माझ्या मुलीला “मग जा” म्हणणाऱ्या माणसाला जाब विचारायचा असे ठरवून मी पायात चपला सरकवल्या आणि उन्हात बाहेर पडले. जाताना वाक्ये धारेला लावून घेतली.

अप्पांचे फाटक उघडेच होते. ते ओसरीवर उभे होते, कार्यालयात वरिष्ठांपुढे उभे राहावे तसे. त्यांना अलीकडे कमी ऐकू येते, म्हणून फोनचा आवाज मोठा सोडला होता. त्या आवाजाने माझी पावले पायऱ्यांशीच थांबली. मुक्ता होती.

“मधोमध आहे अप्पा. पूर्ण रस्ताभर.”

“ब्रेक दाबल्यावर? कुठं ओढली?”

“नाही.”

“वळणावरून बाहेर पडताना स्टेअरिंग आपलं आपण परत येतंय?”

“येतंय.”

सुखरूप होती. हे कळताच मी चिडले: मला सोडून पहिला फोन यांना! मी पुढे झाले. अप्पांनी मला पाहिले आणि चौकातल्या हवालदारासारखा तळहात दाखवून जागच्या जागी थांबवले.

अहवाल आता संपला होता. अलाइनमेंटबद्दल विचारण्यासारखे जे जे असते ते विचारून झाले होते. तरी पलीकडे मुक्ता फोन ठेवत नव्हती, अलीकडे अप्पा ठेवत नव्हते. ओसरीवर एकच खुर्ची होती, तिच्यावर घडी न मोडलेले वर्तमानपत्र, शेजारी झाकलेला पाण्याचा तांब्या.

“हॉर्न वाजतो?” अप्पांनी विचारले.

“वाजतो की.”

“वायपर?”

“पाऊस कुठं होता अप्पा?”

“ते बरोबर. पण पाणी मारून बघ कधीतरी.” ते थांबले. “आरसे?”

“दोन्ही आहेत.”

“डिकीचं झाकण नीट बसतं?”

“बसतं.”

“पुढच्या कप्प्याचं?”

“तेही बसतं अप्पा.”

त्यांची नजर अंगणात उभ्या असलेल्या त्यांच्या स्वतःच्या गाडीवरून फिरत होती, पुढून मागे, वरून खाली. अजून कोणता भाग विचारायचा राहिला आहे, ते शोधत होती. राहिलेला नव्हता. धारेला लावून आणलेली माझी वाक्ये कुठे गेली, मला कळले नाही.

“अप्पा, ठेवू का मग? आईला करायचाय फोन. ती वाट बघत असेल.”

“हां, हां. ठेव की. आईला कर.” त्यांनी फोन कानापासून दूर धरला, बटणावर अंगठा नेला. अंगठा तिथेच राहिला. मग, कोणी चोरून काही उचलावे तसे, ते घाईने म्हणाले, “जेवलीस का गं?”

 मुक्ताचा आवाज बदलला. घरात माझ्याशी बोलताना असतो तसा झाला. नाही अजून, ती म्हणाली, डबा आहे, पण जिना चढून इतकी दमलेय अप्पा, लिफ्ट बंद आहे, चौथा मजला, आणि खोलीत पलंगच नाही, नुसती गादी, आणि बरोबरची मुलगी लातूरची आहे, लई बडबडते, आणि खिडकी मात्र मोठी आहे.

अप्पा खुर्चीवर टेकले. वर्तमानपत्र अंगाखाली चुरगळले, ते त्यांना कळलेही नाही. माझ्या हातातला फोन मुका होता. मी चपला काढल्या आणि तापलेल्या पायरीवर, सावलीची एक चिंचोळी पट्टी होती तिथे, बसून राहिले.

“बरं,” अप्पा विचारत होते, “खिडकीतून काय दिसतं?”